वर्षाची चटणी : मार्च ते जून २०२५ च्या नोंदी

२ मार्च २०२५, पुणे

यंदा वर्षाची चटणी वजनकाट्यावर करायची ठरलं. चटणी म्हणजे आमच्या कोल्हापूरकडची, कांदा-लसूण घातलेली, जिच्यावर आमटीपासून मटणापर्यंत सगळं घर चालतं ती. आजवर आई कोल्हापुरातून डबा भरून देत आली. आता तिला एवढा पसारा झेपत नाही आणि तिचं प्रमाण कुठेच लिहिलेलं नाही. विचारलं की म्हणते, "डोळ्याला कळतंय की!" तिच्या डोळ्याला कळतं ते ग्रॅममध्ये उतरवून घेणं हे पहिलं काम. तीन घरांना पुरेल एवढी करायची : आमचं पुण्याचं, भावाचं कोल्हापूरचं आणि धाकट्या बहिणीचं बंगळूरचं.

दुसरं काम माझ्या हौसेचं. कोल्हापुरातल्या मिसळीचा कट (वर ओततात तो तिखट रस्सा) आणि खानावळीतला तांबडा रस्सा यांत जी चव लागते ती घरच्या पातेल्यात पूर्ण उतरत नाही. चटणी तीच, तेल तेच, मग राहतं काय? ते शोधायचं.

एवढं मला आधीपासून माहीत आहे की चांगल्या तिखटात रंग, वास आणि जाळ हे तिघं स्वतंत्र असतात. एकच मिरची तिन्ही देत नाही. म्हणून तर चटणीला मिश्र मिरच्या लागतात.

९ मार्च, पुणे

आज बाहेर जेवायला गेलो. 'व्हेज कोल्हापुरी' मुद्दाम मागवली, कारण माझ्या गावाच्या नावाने देशभर जे विकलं जातं ते एकदा नीट चाखून लिहून ठेवायचं होतं. वाडग्यावर लाल तेल, त्यावर तळलेली अख्खी मिरची ठेवलेली. पहिल्या घासाला जीभ भाजली आणि पुढच्या घासांना काहीच कळेना. खोबरं नाही, तीळ नाही, लसणाचा मागमूस नाही. टोमॅटोची आंबट पातळ ग्रेव्ही आणि तिच्यात कुठली तरी जहाल पूड. भातावर सांडलेला रस्सा कडेने गुलाबी होत गेला. मिरचीचा रंग असा पाण्यात पसरत नाही, तो तेलातच राहतो. म्हणजे खाण्याचा रंग घातलेला.

ही भाजी कोल्हापूरच्या कुठल्याही घरात शिजताना मी पाहिलेली नाही. जाळ वाढवला की कोल्हापुरी झालं, ही समजूत मला मनापासून खुपते. तांबडा रस्सा तुम्ही वाटीमागून वाटी पिऊ शकता, पिताना कपाळावर घाम येतो आणि तरी हात पुन्हा वाटीकडे जातो. जे तिखट पुढचा घास मागायला लावत नाही ते स्वयंपाकाच्या कामाचं नाही.

२२ मार्च, कोल्हापूर

सकाळी भावाबरोबर उद्यमनगरात फडतऱ्यांची मिसळ. सुट्टीची गर्दी होती, पण ताटली समोर आली की थांबल्याचं सार्थक होतं. खाली मटकीची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि कटाची वाटी; सोबत ब्रेडचे जाड स्लाइस. आधी नुसता कट चमचाभर घेतला. क्रम असा लागला : प्रथम खरपूस खोबऱ्याचा गोडवा, मग लसूण, मग लवंग-दालचिनीचा गरम वास, आणि सगळ्यांच्या मागून घशात जाळ. तो जाळ ब्रेडच्या घासाने खाली बसतो आणि दुसऱ्या चमच्याला जीभ पुन्हा तयार असते.

पण आजची खरी कमाई आईच्या गल्लीत झाली. तिथल्या छोट्या मिसळवाल्या काकांकडे मी लहानपणापासून खाते. त्यांना म्हटलं, काका, आज भट्टीजवळ उभी राहू दे. ते हसून सरकले. पातेल्यात तेल, त्यात वाटण, वाटणाला तेल सुटेपर्यंत हलवणं, आणि मग आच अगदी मंद करून चटणी. चटणी तेलात पडली आणि ते लाल झालं तोच त्यांनी शेजारच्या शेगडीवरचं उकळतं पाणी ओतलं.

"ताई, चटणी पडायच्या आधी आधण तयार पायजे. गार पाणी ओतलं की कट रुसतो."

नंतर पातेलं मंद आचेवर तसंच. वाढताना ते पळी तळापर्यंत नेतच नाहीत. वरच्या वर आडवी फिरवून तवंग घेतात, आणि ज्याला कमी तिखट हवं त्याला तवंग बाजूला सारून खालचा रस्सा देतात. एकाच पातेल्यातून लहान पोराची आणि पैलवानाची अशा दोन मिसळी निघतात. घरी आपण डावाने ढवळून वाढतो, त्यामुळे तवंग सगळ्यात मिसळून जातो. ही गोष्ट इतकी वर्षं समोर असून कुणी सांगितली नव्हती.

२३ मार्च, कोल्हापूर

लक्ष्मीपुरीत मिरची खरेदी. आई बरोबर होती, आणि ती असली की दुकानदार वरचं पोतं दाखवत नाही, आतलं काढतो.

ब्याडगी : कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, सुरकुतलेल्या सालीची. रंगाला हिच्या तोडीची दुसरी नाही, जाळ मात्र बेताचा. हिच्यात डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार येतात. डब्बी आखूड, फुगीर, रंगाला सरस. कड्डी लांब, सडपातळ, कमी बियांची. आम्ही डब्बी घेतली.

संकेश्वरी : बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या नावाची, पण आपल्या गडहिंग्लज भागातही पिकते. लांब, बारीक, पातळ सालीची, आणि रंग थोडा केशरीकडे झुकणारा. जवारी, म्हणजे अस्सल देशी वाणाची, म्हणून खात्रीची मिळाली तर ब्याडगीच्या कितीतरी वर भाव जातो. हिचा वास हीच हिची किंमत. घरच्या चटणीचा डबा उघडल्यावर शेजारच्या खोलीत कळतं ते हिच्यामुळे.

लवंगी : बोटाच्या पेराएवढी, जाळाची मालकीण.

आई मूठभर मिरची उचलते आणि कानाशी हलवते. आत बी खुळखुळलं तर वाळलेली. मग एक मधोमध मोडते. कडकन मोडली तर ठीक, वाकली तर ओल आहे आणि डब्यात बुरशी धरणार. आतल्या बाजूला पांढरट डाग दिसला तर पोतंच नाकारते. "वरनं लाल सगळ्याच असत्यात, पोटातनं बघायची," म्हणाली.

घेतलं : ब्याडगी २ किलो, संकेश्वरी दीड किलो, लवंगी अर्धा किलो. लवंगी पाव किलोच घ्यावी असं माझं मत होतं. आईने ऐकलं नाही.

३ एप्रिल, कोल्हापूर

आठवडाभराची रजा काढून आले. मिरची गच्चीवर पसरली आहे. उभा चिरलेला कांदाही शेजारच्या साडीवर. दुपारी ढग आले तेव्हा वहिनी आणि मी धावत वर गेलो. पाऊस पडला नाही.

५ एप्रिल, कोल्हापूर

देठं काढण्याचा दिवस. चौघी बसलो. हातांना आधीच खोबरेल चोळून घेतलं, कारण मिरचीला तिखट करणारा कॅप्सेसिन हा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हात भगभगायला लागल्यावर नळाखाली धरून काही होत नाही. तेल चोळायचं, पुसायचं आणि मग साबण.

वहिनीशी एक जुना वाद मिटवला. तिखट बियांत असतं असं सगळेच म्हणतात. लवंगी चिरून बी वेगळं काढलं, आणि बी ज्याला चिकटलेलं असतं तो पांढरट-पिवळट पातळ पडदा वेगळा काढला. बी धुऊन, पुसून चावलं : जवळजवळ काहीच नाही. पडद्याचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि वहिनी उठून दह्याच्या पातेल्याकडे गेली. कॅप्सेसिन तयार होतो तो त्या पडद्यात. बियांना लागतो तो नुसत्या शेजारामुळे.

दही का लागू पडलं याचंही उत्तर आहे. दुधातलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवून नेतात. पाण्याने तो तोंडभर पसरतो. मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट अशी की तिखट ही मुळात चवच नाही. जिभेवर उष्णता ओळखणारा एक ग्राही (रिसेप्टर) असतो, टीआरपीव्ही१ नावाचा. साधारण ४३ अंशांच्या वर तापलेलं काही लागलं की तो मेंदूला कळवतो. कॅप्सेसिन त्यालाच चाळवतो, म्हणून गार पाणीपुरीसुद्धा पोळल्यासारखी वाटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो शोधला आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. पक्ष्यांचा हा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळे पोपट मिरच्या खुशाल खातात आणि बी लांबवर नेऊन टाकतात.

संध्याकाळी खडा मसाला तळला. प्रत्येक जिन्नस वेगळा, चमचा-चमचा तेलात. लवंग फुगेपर्यंत, दालचिनी वास सुटेपर्यंत, दगडफूल तर नुसतं दाखवायचं, काळं पडलं की कडवट होतं. मिरे तळताना मनात आलं, पोर्तुगीज सोळाव्या शतकात मिरची घेऊन आले त्याआधी आपल्या स्वयंपाकातलं तिखटपण या काळ्या दाण्यांवर आणि पिंपळीवर उभं होतं. मिरची आली, डोक्यावर बसली, पण मिरे मसाल्यातून कुणी काढले नाहीत. चांगलं केलं. त्यांचा जाळ मिरचीपेक्षा वेगळ्या जागी लागतो.

७ एप्रिल, कोल्हापूर

काल रामनवमी, म्हणून कांडपाला आज गेलो. मिरची घरीच थोड्या तेलावर परतून नेली होती. परतताना अशी खाट, म्हणजे ठसका लावणारा धूर, उठली की खालच्या मजल्यावरचे काकाही खोकत खोकत बाहेर आले. आईने त्यांना नंतर वाटीभर चटणी पाठवायचं कबूल केलं आहे.

कांडप का आणि पिठाच्या चक्कीसारखं दळण का नाही, हे आज हात लावून कळलं. चक्कीतून पूड गरम बाहेर पडते, आणि त्या उष्णतेबरोबर वास उडून जातो. कांडपात लोखंडी मुसळ वर जाऊन खाली आदळतं, मधे मसाल्याला श्वास मिळतो, आणि कुटलेल्याला एक रवाळपणा राहतो. तोच रवाळपणा पुढे तेलात रंग सोडतो.

क्रम : आधी मिरची. मग धने, जिरे, तीळ, खसखस आणि खडा मसाला. मग खोबरं आणि तळलेला कांदा, इथे चटणीला तेल सुटायला लागतं. शेवटी लसूण, आलं आणि पूर्ण सुकवलेली कोथिंबीर खड्या मिठाबरोबर. लसूण पडला तेव्हा कांडपवाल्या मावशींनी मशीन थांबवून चिमूटभर आईच्या तळहातावर ठेवली. आईने चाखली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मीठ आणि दोन मुठी." मी ती मूठ तराजूवर रिकामी करायला लावली. दोन मुठी म्हणजे १४० ग्रॅम. आई कौतुकाने बघत होती की वैतागून, ते कळलं नाही, पण हात पुढे केला.

४ किलो मिरचीला शेवटी लागलेलं : धने १ किलो, सुकं खोबरं १ किलो, कांदा २ किलो (वाळवण्याआधीचं वजन), सोललेला लसूण सव्वा किलो, आलं पाव किलो, तीळ अर्धा किलो, जिरे पाव किलो, खसखस २०० ग्रॅम, लवंग, दालचिनी, मिरे आणि मसाला वेलची प्रत्येकी ५० ग्रॅम, दगडफूल ४० ग्रॅम, जायपत्री, बादियान आणि नागकेशर प्रत्येकी २० ग्रॅम, हळकुंड १०० ग्रॅम, मेथी आणि मोहरी चमचा-चमचा, हिंग ४० ग्रॅम, मीठ १ किलो १४० ग्रॅम.

बरणीच्या तळाशी हिंगाचे खडे, वर चटणी दाबून भरली. आता मुरू द्यायची. ताजी चटणी उग्र असते, लसूण एकटा बोलत असतो.

२० एप्रिल, पुणे

चटणी मुरली. पहिला तांबडा रस्सा.

मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं. वरचं अळणी पाणी दोन भागांत काढलं, एक पांढऱ्या रश्श्यासाठी, एक तांबड्यासाठी. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि अख्खा गरम मसाला. तांबड्यासाठी वाटण : भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, कोथिंबीर. मिसळवाल्या काकांचा नियम शब्दशः पाळला : वाटणाला तेल सुटू दिलं, आच मंद, चटणी, आणि तेल लाल होताच उकळतं अळणी पाणी.

फरक पहिल्याच उकळीला दिसला. कडेने तेलाचे लाल थेंब वर आले, एकमेकांना मिळाले आणि दहा मिनिटांत पूर्ण तवंग धरला. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पण तापल्या तेलात फार वेळ राहिला तर तपकिरी होतो. आधणाने तो नेमक्या वेळी वाचवला. जाळ मात्र उष्णतेने जात नाही, म्हणून जळक्या फोडणीची भाजी काळपट दिसते आणि तिखट तेवढीच लागते.

पांढरा आणि तांबडा ताटात शेजारी का असतात हे आज माझ्या मुलीने जेवता जेवता शोधून काढलं. दोन घोट तांबड्याचे, एक पांढऱ्याचा. नारळाच्या दुधातली चरबी जाळ उचलून नेते आणि जीभ मोकळी होते. लवंगी अर्धा किलोच बरोबर होती. पाव किलो घातली असती तर हा रस्सा मवाळ झाला असता.

सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकात गोड्या मसाल्याचं राज्य. त्यांच्यासाठी याच चटणीची मसुराची आमटी केली होती. त्यांनी गुळाचा खडा न मागता वाटी संपवली आणि म्हणाल्या, "अगं, हे जिभेला लागतं, डोक्यात जात नाही." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

३ मे, नागपूर

कामासाठी आले आहे, पण नागपुरात येऊन सावजी न खाता परत जाणं शक्यच नव्हतं. हलबा कोष्टी समाजातल्या विणकरांच्या घरातलं हे जेवण पुढे भोजनालयांतून शहरभर पसरलं. मी पाटवडी रस्सा घेतला : बेसनाच्या थापलेल्या वड्या आणि वर जवळजवळ काळा रस्सा.

आमच्या कटाच्या अगदी उलट चाल. लाल रंगाचा इथे आग्रहच नाही. मसाले खोल भाजलेले, धने, मिरे, सुंठ, दगडफूल यांचा धुरकट वास पुढे, आणि जाळ इतका सावकाश चढतो की पाचव्या-सहाव्या घासाला कळतं आपण कुठे आलो. जुन्या पद्धतीत जवसाचं तेल वापरतात, त्याचा कडसर वास या मसाल्याला शोभतो. या बाजूची भिवापुरी मिरची नावाजलेली. ब्याडगीसारखंच तिलाही भौगोलिक मानांकन आहे. वाढणाऱ्या दादांनी विचारलं, "ताई, कोल्हापूरच्या का? मग अजून तर्री घ्या की!" घेतली.

शिकण्यासारखं : खसखस आणि खोबरं मी सोनेरी झाल्यावर उतरवते. सावजीतलं त्याहून बरंच पुढे गेलेलं असतं आणि तरी कडू लागत नाही, कारण मंद आचेवर, न थांबता हलवत भाजलेलं असतं. अख्खा मसूर करताना हे वापरून बघायचं आहे. मिसळीला नको, तिथे लालच हवं.

१८ मे, पुणे

कटाची परीक्षा. शेजारची दोन घरं जेवायला. पुण्याची माणसं, त्यामुळे टेबलावर दह्याची वाटी आणि लिंबाच्या फोडी आधीच ठेवल्या.

चार माणसांच्या कटाला तेल १०० मिली, चटणी ४ मोठे चमचे, आधण दीड लिटर. तेल मोजताना हात आखडतो, पण याहून कमी घातलं की तवंग धरत नाही, आणि तवंग नसला तर मिरचीचा रंग आणि खड्या मसाल्याचा वास राहायला जागाच उरत नाही. हॉटेलातली चव मुख्यतः इथे आहे : पुरेसं तेल, उकळतं पाणी आणि तासभर मंद आचेवर न ढवळता ठेवलेलं पातेलं. खायचा सोडा नाही, रंग नाही, टोमॅटो नाही.

पळी आडवी फिरवून ज्याला जसं हवं तसं वाढलं. शेजारच्या आजोबांना तळातला रस्सा, त्यांच्या नातवाला नुसता तवंग. नातवाने नाक पुसत तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा त्याची आई नको म्हणाली, आजोबा म्हणाले, "दे गं, खाऊ दे."

बाहेर पावसाने जोर धरला आहे. मे संपायच्या आत एवढा पाऊस, म्हणजे एप्रिलच्या उन्हात मिरची वाळवून घेतली ते फार बरं झालं.

८ जून, पुणे

बरण्या तपासल्या. ओल नाही, गुठळी नाही, तळचा हिंग जिवंत आहे. रोजच्या वापराची वेगळी छोटी बरणी, तिच्यात कायम कोरडा चमचा. मोठी उघडायची ती महिन्यातून एकदा, पाऊस नसताना. बहिणीकडे बंगळूरला तिची बरणी पोचली. तिने पहिल्याच दिवशी ती गरम भाकरीवर तेल घालून खाल्ली आणि फोन केला. बोलणं कमी, खाण्याचा आवाज जास्त.

वहीत पुढच्या वर्षासाठी : संकेश्वरी दीडऐवजी पावणेदोन किलो, ब्याडगी तेवढीच कमी. ती फेब्रुवारीतच सांगून ठेवायची, मार्च उजाडला की जवारी माल हाती लागत नाही. लवंगी अर्धा किलो, आईचं माप, बदलायचं नाही. लसूण दीड किलो. खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी पाव किलो जास्तीची.